छत्तीस फोटो आणि एक तुळस

आमचा भाचा चाकणला मोटारींच्या कारखान्यात कामाला आहे. आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे तो कधी रात्री घरी असतो, कधी दिवसा. त्याच्या खिशात फोन आहे आणि त्या फोनमध्ये फोटो काढण्याची सोय आहे, हे सांगायला नकोच. असे असताना गेली चार वर्षे हा गृहस्थ पुण्यातल्या जुन्या बाजारातून आणलेला, त्याच्या वयाहून मोठा असलेला कॅमेरा गळ्यात घालून देहूत हिंडतो, त्यात हजार रुपयांच्या आसपास किंमत असलेला रोल भरतो, छत्तीस फोटो काढतो आणि ते कसे आले हे कळण्यासाठी महिनोन्‌महिने थांबतो. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, ह्याला सरळ वेड म्हणते. मी आयुष्यभर नाटके आणि चित्रे ह्यांवर थोडेफार लिहीत आलो, म्हणून तिने हा खटला माझ्यापुढे आणला. "दादा, तूच सांग ह्याला," ती म्हणाली. मी सांगायला गेलो आणि वर्षभर त्याचे फोटो पाहत बसलो. त्या वर्षाचा हा हिशेब.

प्रथम एक गोष्ट कबूल करतो. ह्या विषयात मी निःपक्षपाती नाही. माझ्या आईचे एकुलते एक छायाचित्र आमच्याकडे आहे. ते आमच्या थोरल्या मामांनी आग्फा क्लिक-३ ह्या कॅमेऱ्याने काढलेले. बडोद्यात तयार होणारा तो काळा डबा त्या काळी मध्यमवर्गीय घरात मोठ्या मानाने कपाटात ठेवलेला असे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि उघडझाप करणारी एक कळ. बाकी सारे सूर्यनारायणाच्या हवाली. इंद्रायणीच्या घाटावर आई धुणे पिळते आहे आणि मामांनी हाक मारली म्हणून तिने मान वळवली आहे. मान वळवली म्हणूनच चेहरा हलला आहे. निगेटिव्ह मोठा करायला म्हणून शहरातल्या एका दुकानात दिला, तो त्यांनी हरवला. तेव्हा आता ह्या जगात माझ्या आईचा चेहरा आहे तो तळहाताएवढा आणि हललेला. लहानपणी मला त्याचा राग येई. आता येत नाही. का येत नाही, हे मला नीटसे सांगता येणार नाही.

असो. फिल्मवर फोटो काढणाऱ्या मंडळींना "तुम्ही हे का करता?" असे विचारले, की एक ठरलेले उत्तर मिळते. फिल्मच्या फोटोला दाणा असतो, रंगांना ऊब असते, त्यात आत्मा असतो. मला हे उत्तर मुळीच पटत नाही. दाणा म्हणजे काय? जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक पसरलेले असतात. उजेड पडला की त्यांत एक अदृश्य बदल होतो, आणि रसायनात घातल्यावर तिथे तिथे काळी चांदी उरते. ह्या चांदीच्या पुंजक्यांनाच आपण दाणा म्हणतो. त्याची नक्कल आज फोनमध्ये बोट लावले की होते, आणि चांगली होते. ज्याची नक्कल इतकी स्वस्तात होते, त्यासाठी कोणी शहाणा माणूस पगाराचा तुकडा मोडणार नाही. आणि आत्म्याविषयी म्हणाल, तर देहूत राहून आत्मा हा शब्द जरा जपून वापरावा.

आमच्या गावचा आणि फिल्मचा संबंध तसा जुना आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल ह्यांचा तो बोलपट पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि देहू हे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशांच्या डोळ्यांपुढे देहू उभे राहिले. गंमत अशी, की ते देहू बहुतांशी पुण्यात, प्रभातच्या आवारात उभे केलेले होते. आमच्या आजोबांनी तो बोलपट पाहिला तेव्हा त्यांना म्हणे नदी ओळखू आली नाही. मात्र तुकोबा ओळखू आले. विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. पण त्यांचा चेहरा त्या पडद्यावरून उतरून घराघरांतल्या तसबिरींत जाऊन बसला. आमच्या देवघरातही तुकोबा म्हणून जे आहेत, ते जवळजवळ पागनीसच आहेत. रोज त्यांना गंध लागते.

हा बोलपट मी आजवर दहा-बारा वेळा पाहिला आहे. चमत्कारांचे प्रसंग आता मला हलवीत नाहीत. वैकुंठाला नेणारा तो अवाढव्य पक्षी तर मुलांना हसू आणतो. हलवते ती गौरीची जिजाई. चिडलेली, पोराच्या आजाराने कावलेली, म्हशीवर जीव टाकणारी, विठोबाला शिव्या घालायला देवळात शिरणारी. ती उभी राहते तेव्हा तिच्या अंगावर जो उजेड पडला आहे, तो खराच त्या दिवशी त्या बाईच्या अंगावर पडला होता आणि तिथून निघून फिल्मवर पोचला होता, ही जाणीव मला सुटत नाही. २००३ च्या जानेवारीत ह्याच आवारातल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातली कितीतरी रिळे जळाली. 'संत तुकाराम' आपल्याला आजही पाहता येतो, हे भाग्यच. ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. काही जळू शकते, म्हणजे ते कुठेतरी आहे. फोनमधले फोटो कुठे असतात, हे मला अजून कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

भाच्याच्या फोटोंकडे वळतो. गेल्या वर्षीच्या ज्येष्ठ वद्य सप्तमीला, पालखीच्या प्रस्थानाला, त्याने रजा काढली आणि कृष्णधवल फिल्मचा एकच रोल घेऊन तो बाहेर पडला. एकच का, असे मी विचारले. "दोन घेतले असते तर पहिला उधळला असता, मामा," तो म्हणाला. आभाळ भरलेले, उजेड राखी, लाखाची गर्दी, आणि हातात छत्तीस. फोनवाल्यांचे हात सगळीकडे वर होते. हा मात्र म्हणे तास-तास नुसता उभा राही. प्रस्थानाच्या रात्री पालखी इनामदारवाड्यात मुक्कामाला आली, तोवर त्याचे अकरा फोटो झाले होते. दुसऱ्या दिवशी अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी अभंग-आरती झाली, तिथे पाच. उरलेले आकुर्डीपर्यंतच्या रस्त्यावर संपले.

(जाता जाता एक तक्रार. वर्तमानपत्रांतून वारी म्हटली की दिवे घाटाचा तोच तो नागमोडी फोटो येतो. तो सोहळा आळंदीच्या पालखीचा. आमची पालखी लोणी काळभोर, यवत अशी सोलापूरच्या रस्त्याने जाते. तिच्या वाटेवर दिवे घाट नाही, म्हणून तिला फोटोही कमी.)

रोल धुवायला घरात जागा नव्हती. मागच्या बाजूची जुनी मोरी बहिणीने कुरकुरत दिली. फिल्म डब्यात भरायची ती ठार अंधारात, नुसत्या बोटांनी चाचपडत. पुढे डेव्हलपर, मग आम्लाचे पाणी, मग हायपो, आणि शेवटी भरपूर साधे पाणी. डेव्हलपरचे पाणी वीस अंशांच्या आसपास असावे लागते, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात अंग भाजेल असे असते. म्हणून त्याने रोल बर्फ घालून कसाबसा धुतला. पण कागदावर प्रती काढण्याचे नाजूक काम थंडीवर ठेवले. पुण्यातल्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून एन्लार्जर मिळाला होता. तो मोरीत मांडला, तांबडा दिवा लावला, आणि पौष-माघातल्या रात्री मामा-भाचे तिथे उकिडवे बसू लागलो.

पांढऱ्या कागदावर पाण्याखाली हळूहळू चित्र उमटू लागते तो क्षण मी प्रथमच पाहिला. भाचा म्हणाला, "मामा, तुकोबांच्या गाथेसारखं. पाण्यातून वर येतं." मी त्याला तिथल्या तिथे थांबवले. गाथा तेरा दिवस पाण्यात राहून कोरडी वर आली, असे आपण म्हणतो. तुझा कागद भिजल्याशिवाय काहीच दाखवीत नाही. देहूत जन्मल्यामुळे प्रत्येक गोष्टीची उपमा इंद्रायणीत सापडते असे वाटणे, हा आमच्या गावचा जुना रोग आहे.

त्या मोरीत बसलो असता मला सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण येई. दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी आहे. पण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे ह्या माउलीने संसार सांभाळून केली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. म्हणजे ही कला आपल्याकडे साहेबाच्या पाठोपाठ आली. पण ती घरात शिरली, मोरीत आणि माजघरात शिरली, ती बायकांच्या हातांनी.

माझ्या बहिणीने मात्र एक वेगळाच पेच टाकला. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, आणि जिलेटिन येते जनावरांच्या हाडाकातड्यांतून, हे तिला कुठूनसे कळले. घरात तुळशीची माळ घातलेली सासू. "आईंच्या घरात हाडं आणतोस?" असा सवाल झाला. भाचा गप्प. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला : "मृदंगाला कातडं नाही का? मग?" मी ह्या युक्तिवादावर पुष्कळ विचार केला; त्याला उत्तर नाही.

तुकारामबीजेला घरी पाहुणे येतात. भाच्याने पडवीत दोरी बांधून, कपड्याच्या चिमट्यांनी वीस प्रती टांगल्या. टीकाकार म्हणून मी त्या पाहिल्या आणि तोंडावर जे सांगितले तेच इथे लिहितो.

सगळ्यांना आवडलेला फोटो इंद्रायणीचा होता. पहाटेचे पाणी, त्यावर पांढरी नक्षी, दूरवर देऊळ. पाहुणे "वा वा" म्हणाले. मला तो फोटो खोटा वाटला. ती पांढरी नक्षी म्हणजे फेस आहे, वरच्या अंगाच्या सांडपाण्याचा. आणि कडेचा मखमली काळा पट्टा म्हणजे जलपर्णी. रंगात हे पाहिले असते तर कोणी "वा" म्हटले नसते. कृष्णधवल फिल्मचा हा मोठा धोका आहे. ती घाणीलाही सोवळे नेसवते. भाच्याला हे लागले. "मी फेसच दाखवत होतो," तो म्हणाला. दाखवायचा होता, पण दिसला नाही; आणि कलेत आपण हेतूला गुण देत नाही.

एका फोटोवर दुसरा उमटला होता. दर्ग्याच्या भिंतीवर मृदंगाची थाप. फिल्म नीट सरकली नाही, एवढेच त्याचे कारण. त्याच्या मित्रांना त्यात फार मोठा अर्थ दिसला. मला यंत्राची चूक दिसली. चूक सुंदर असू शकते. पण तिच्याखाली आपले नाव घालू नये.

उत्तम फोटो कोणाच्याच नजरेत भरला नाही. तळवड्याच्या वळणावर पालखीच्या रस्त्याला लागणारी दिंडी आणि पलीकडे पाळी सुटून थांबलेली कामगारांची बस. बसच्या खिडकीतले सात चेहरे. कोणी हात जोडले आहेत, कोणी झोपला आहे, एकजण डबा उघडून बघतो आहे. ह्या बसमध्ये भाचा स्वतः वर्षात तीनशे दिवस बसतो. म्हणूनच तो फोटो त्याला घेता आला. फोनने हा फोटो निघाला असता का? निघाला असता. पण फोनवाल्याने त्या बसचे वीस फोटो काढले असते, आणि त्यांतला हात जोडलेल्यांचा तेवढा ठेवून डबेवाला पुसून टाकला असता. इथे एकच कळ दाबली गेली, आणि तिच्यात जे आले ते सगळे ठेवावे लागले. मला वाटते, ह्या हौसेचे बळ इथेच कुठेतरी आहे. फिल्मवर फोटो काढणाऱ्याला आपली निवड आधी करावी लागते आणि मग ती पुष्कळ दिवस सोसावी लागते. प्रसंग विसरला जाऊ लागतो तेव्हा फोटो हाती येतो, आणि मग आठवण आणि फोटो ह्यांचे भांडण लागते. हाती आल्याबरोबर दिसणाऱ्या फोटोला भांडायला आठवणच शिल्लक नसते.

जगात हे वेड एकट्या आमच्या मोरीतच नाही. कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळे जाहीर केले तेव्हा फिल्म संपली असे सगळ्यांनी धरले होते. आपल्या उटीच्या सरकारी कारखान्यात 'इंदु' नावाची फिल्म होई. तोही आता बंद आहे. तरी २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला, आणि तो घेणारी मंडळी तरुण आहेत. त्यांतली बरीच फिल्मवर फोटो काढतात, तो यंत्राने उतरवून फोनवर घालतात आणि कागद बघतही नाहीत. हे मला लग्न करून बोहल्यावरूनच परत जाण्यासारखे वाटते. मी हे भाच्याला म्हटले, तर तो म्हणाला, "मामा, तुम्हाला काय माहीत, मी पण पहिली दोन वर्षं तेच केलं." मग बदल का केला? तर त्याचे कारण एक म्हातारी.

फोनवाला फोटो काढतो आणि लगेच समोरच्याला दाखवतो; देणे-घेणे तिथेच मिटते. भाच्याने मात्र ज्यांचे फोटो काढले त्यांना दाखवायला त्याच्यापाशी काही नसे. लोक विचारीत, "दाखव की." हा म्हणे, "अजून नाही झाला." लोकांना वाटे, फसवतो आहे. म्हणून त्याने खिशात वही ठेवली आणि पत्ते घेऊ लागला. त्या रोलमध्ये असे नऊ पत्ते होते. बीजेनंतर त्याने नऊ पाकिटे टपालात टाकली. दोन परत आली. सातांतून फक्त एक फोन आला, आणि तो कौतुकाचा नव्हता.

परभणीकडच्या एका आजीबाई. त्यांचा फोटो पडवीतल्या दोरीवर मधोमध होता आणि भाच्याला त्याचा फार अभिमान होता. नुसता चेहरा, सुरकुत्यांचे जाळे, डोळे मिटलेले, ओठ अभंगात अर्धवट उघडे. मीही त्याची तारीफ केली होती, तीही लपवीत नाही. आजीबाईंनी नातवाच्या फोनवरून सांगितले, "फोटू पोचला, माउली. तोंड चांगलं आलंय. पण माझी तुळस कुठंय?"

तुळस त्यांच्या डोक्यावर होती. पितळी वृंदावनातली. भाच्याने प्रत काढताना एन्लार्जर वर घेतला, चेहरा मोठा केला आणि वरचा भाग कापला. का, तर तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायकांचे फोटो हजारो निघतात, आणि त्याला हजारातला एक नको होता. हा विचार चित्रकलेच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. मीही तोच सल्ला दिला असता. आणि ती बाई महिनाभर उन्हापावसात जिच्यासाठी चालली, तीच आम्ही दोघा कलावंतांनी कात्रीत घातली होती.

भाच्याने दोन महिने घुश्शात काढले. "त्यांना फोटोतलं काय कळतं?" असेही एकदा म्हणाला. मी त्याला रागावलो नाही, कारण मलाही क्षणभर तसेच वाटले होते. मग ज्येष्ठ जवळ आला. एका रात्री मोरीतला तांबडा दिवा लागलेला मला दिसला. निगेटिव्हमध्ये तुळस शाबूत होती. पूर्ण फ्रेम त्याने कागदावर घेतली. चेहरा लहान झाला, मागची गर्दी दिसू लागली, वृंदावनाच्या कडेला धरलेला आजीबाईंचा हात आला आणि वर तुळस, वाऱ्याने थोडी हललेली. पाण्यात टाकलेला बर्फ पुरेना म्हणून प्रत जरा काळीच आली. पहिल्या प्रतीहून ही चांगली आहे का? मांडणी म्हणून नाही. पण पहिली प्रत मला आता पाहवत नाही, आणि का ते सांगायचे तर हा सगळा लेख पुन्हा लिहावा लागेल.

यंदाच्या प्रस्थानाला त्यांची दिंडी देहूत आली. आम्ही दोघे शोधत गेलो. नदीकाठच्या राहुटीत आजीबाई पाय चोळीत बसल्या होत्या. त्यांनी पाकीट उघडले, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बोटाने तुळशीला हात लावून तोच हात कपाळाला लावला. मग शेजारच्या बाईला हाक मारली. ती त्यांची जाऊ. दोघी तुळस आळीपाळीने घेतात. मैलभर ही, मैलभर ती. फोटोच्या वेळी ती मागेच होती, आणि आता नीट पाहिल्यावर कळले, की पूर्ण फ्रेममध्ये डाव्या कडेला तिचे अर्धे तोंड आले आहे.

"मग हिला बी एक पायजे," आजीबाई म्हणाल्या.

भाच्याने वही काढून लिहून घेतले. ती प्रत अजून निघालेली नाही. टाकीतले पाणी अजून गरम आहे.